बहालावरच्या कमानी

आजोळचं घर उतरवायचं ठरलं आणि जुन्या लाकडाचा एक व्यापारी घाटावरून बघायला आला. कौलं परतायला माणूस मिळेनासा झाला होता, पडवीचे वासे वाळवीने पोखरले होते, मुलं मुंबई-पुण्याला. मामाने मन घट्ट केलं होतं. व्यापारी फारसा बोलका नव्हता. ओटीवरून माजघरात, माजघरातून माळ्यावर असा तो टॉर्च मारत फिरला. खिशातल्या चाकूने प्रत्येक लाकडाचा इवलासा पापुद्रा काढायचा, नाकाशी धरायचा, पुढे जायचा. मामा त्याच्या मागोमाग, घरातल्या प्रत्येक पोराला पाठ असलेली गोष्ट सांगत होता. आजोबांनी परड्यामागच्या डोंगरातला साग स्वतः उभं राहून तोडून घेतला, गावच्या सुतारांनी तो इथेच अंगणात चिरला, एक खिळासुद्धा बाहेरचा नाही, वगैरे. माजघराच्या भिंतीची माती एका बाजूने ढासळली होती आणि आतापर्यंत दडलेलं बहालाचं, म्हणजे माळा पेलणाऱ्या जाड तुळईचं, टोक उघडं पडलं होतं. व्यापाऱ्याने ते फडक्याने पुसलं आणि म्हणाला, "काका, वासे असतील तुमच्या डोंगराचे. बहाल बर्मा साग आहेत."

मामा चिडला. व्यापाऱ्याने वाद घातला नाही, नुसता टॉर्च तिरका धरला. रंधा न लागलेल्या त्या अंगावर बारीक बारीक रेघा दिसल्या, एकीमागे एक, सारख्या अंतराने आणि सगळ्या वाकड्या. मोठ्या वर्तुळाचे तुकडे काढून मांडावेत तशा. "हातकरवतीची रेघ सरळ पडते," तो म्हणाला. "जरा तिरकी, आणि माणूस दमला की अंतर कमी-जास्त. ही कमान आहे. गोल पातं फिरलंय, इंजिनावर. तुमच्या आजोबांच्या अंगणात इंजिन होतं का?" मामाने पुढे सौदा केला, पण दर ताणताना तो ज्या हट्टाला पेटला, त्यात पैशाचा भाग थोडाच होता.

माझ्या डोक्यातून मात्र त्या कमानी जाईनात.

माझ्या लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावात शाळेच्या मागे एक सॉ मिल होती. तिचा आवाज गणिताच्या तासाला खिडकीतून यायचा. आधी घुंईं अशी मोकळी घरघर, मग पातं लाकडात शिरलं की किंचाळी, आणि शेवटचा वीतभर भाग कापताना एकदम सुटल्यासारखा उंच सूर. सुट्टीत आम्ही भुशाच्या ढिगावर उड्या मारायचो आणि कुणीतरी ओरडेपर्यंत उतरायचो नाही. संध्याकाळी बायका पोती घेऊन भुसा न्यायला यायच्या. मधे बाटली उभी करून भुसा ठासायचा, बाटली अलगद काढायची आणि त्या भोकातून पेटवायचं, अशी भुशाची शेगडी तेव्हा घरोघर होती. मालक दारातल्या बाकावर बसलेला असे, कानावर पेन्सिल. तो मशीनकडे बघतच नसे. ग्राहकाशी बोलता बोलता एकदम मान न वळवता ओरडायचा, "पातं बदल रे!" आवाजावरून त्याला धार गेलेली कळायची. हा धंदा कानांनी, नाकाने आणि बोटांनी करायचा असतो, ही माझी समजूत त्या माणसावरून झाली आहे. म्हणून ब्रह्मदेशातल्या, म्हणजे बर्मातल्या, मौलमीन किंवा रंगून बंदरामधल्या वाफेच्या गिरणीचा एकोणिसाव्या शतकातला कुणी स्कॉटिश मॅनेजर डोळ्यांपुढे आणायचा म्हटलं तरी मला आधी ती कानावरची पेन्सिलच दिसते.

मौलमीन इंग्रजांकडे आलं १८२६ मध्ये, रंगून आणि पेगू १८५२ मध्ये. तोवर मलबारचा साग ओरबाडून झाला होता. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली जहाजं त्याच मलबारी सागाची. १८१७ मध्ये इथून पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. मग नजर गेली ब्रह्मदेशाकडे. जहाजं लोखंडी झाली म्हणून साग सुटला नाही, उलट मागणी वाढली. १८६० मध्ये पाण्यात उतरलेल्या 'वॉरियर' या चिलखती युद्धनौकेला साडेचार इंच लोखंडाच्या मागे तब्बल १८ इंच जाडीचा साग लावला होता. ओकच्या आम्लाने लोखंड गंजतं, सागाच्या तेलाने ते टिकतं. म्हणजे लोखंडाला सोबत हवी ती सागाचीच. शिवाय रेल्वे होती. गिरगावच्या चाळींचे जिने आणि गॅलऱ्या होत्या. आणि कोकणात, बोटीतून उतरवून बैलगाडीने आणलेले बहाल होते. घरमालक पुढे नातवंडांना ते आपल्या डोंगरातले म्हणून सांगायचे. मामाच्या आजोबांना मी दोष देत नाही. विकत आणलेल्या लाकडाची गोष्ट कोण कशाला सांगेल?

वॉलेस नावाच्या स्कॉटिश भावांची पेढी मुंबईत १८४८ पासून होती. त्यांचा ब्रह्मदेशातला सागाचा धंदा घेऊन १८६३ मध्ये 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' उभी राहिली. साल बघा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, प्रेमचंद रायचंदांच्या शब्दावर शेअर उडत होते आणि रोज नवी कंपनी निघत होती. १८६५ मध्ये तो फुगा फुटला. बहुतेक कंपन्या कागदासकट गेल्या. ही राहिली, कारण तिच्याकडे कागदापलीकडचं काहीतरी होतं: नदीत पडलेले ओंडके.

आता हे ओंडके गिरणीपर्यंत कसे येत, ते सांगितल्याशिवाय त्या मॅनेजरचं दुखणं कळणार नाही. हिरवा साग पाण्यात बुडतो. म्हणून झाड तोडण्याआधी बुंध्याभोवती सालीसकट आतल्या लाकडापर्यंत कडं कापायचं आणि झाड उभ्या उभ्या मारायचं. दोन-तीन वर्षं ते जागेवरच वाळतं. मग तोड. मग हत्ती. ओंडक्याला साखळी बांधून हत्ती तो ओढत कोरड्या ओढ्याच्या पात्रात आणून टाकतो, आणि पुढचं काम पावसाचं. ओढ्याला पूर आला तर ओंडके वाहतात, नाही आला तर वर्षभर तिथेच पडून राहतात. वाहताना अडकले, एकावर एक चढून बांध झाला, तर पुन्हा हत्ती पाण्यात उतरवायचे आणि सोंडेने, कपाळाने एकेक मोकळा करायचा. इरावतीवर मोठे तराफे बांधून साग खाली यायचा. साल्विनला धबधबे फार, म्हणून तिथे सुटे ओंडकेच सोडून द्यायचे आणि मौलमीनच्या वर नदीवर आडवा जाडजूड दोरखंड ताणून ते अडवायचे. झाडाला कडं कापल्यापासून गिरणीच्या पात्यापर्यंत पाच-सहा वर्षं सहज जात. पाऊस रुसला तर आणखी.

म्हणजे गिरणीचा मॅनेजर ज्या दिवशी कामावर रुजू होई, त्या दिवशी तो जे लाकूड चिरत असे ते आधीच्या माणसाने मारलेलं असे. आणि त्याने स्वतः मारायला सांगितलेली झाडं खाली येईपर्यंत तो तापाने मेलेला, बदलून गेलेला किंवा परत मायदेशी गेलेला असण्याची शक्यता बरीच. त्याच्या कारकिर्दीचा नफा दुसऱ्याच्या अंदाजावर आणि दुसऱ्याचा त्याच्या. दूरच्या डोंगरात पाऊस कसा लागलाय, ही एकच बातमी त्याला हवी असे, आणि तीच सर्वांत उशिरा येई. मोहोराच्या दिवसांत आभाळाकडे बघत बसणारे आमच्याकडचे बागांचे ठेकेदार मी पाहिले आहेत. तसाच असेल तो, फक्त त्याची बाग तीन-चारशे मैलांवर आणि दुसऱ्याच्या राज्यात.

गिरणीच्या आतलं जग वेगळं. सागात वाळूसारखं काहीतरी असतं म्हणतात सुतार, आणि ते खरंच आहे: सिलिका. पात्याची धार ती बघता बघता खाते. त्यामुळे करवतीला दात घालणारा आणि धार लावणारा कारागीर मॅनेजरइतकाच महत्त्वाचा. पातं विलायतेहून यायचं, मोडलं तर दुसरं यायला महिने. १८६९ मध्ये सुएझ उघडेपर्यंत तर अर्धं जग वळसा घालून. मोठं गोल पातं दर कापाला साधारण पाव इंच लाकडाचा भुसा करतं. आठ फळ्या काढल्या की दोन इंच साग गेला. तोच भुसा आणि काठाच्या फळकुटा बॉयलरला घालायच्या, म्हणजे गिरणी स्वतःच्या उष्ट्यावर चालायची. मला यात काटकसरीचं कौतुक वाटतं आणि थोडी किळसही. सागाचा भुसा सोनेरी दिसतो, जुन्या चामड्यासारखा वास येतो त्याला, पण अंगाला लागला की काहींना पुरळ उठतं, शिंका थांबत नाहीत. तो अंगावर घेणारी माणसं बहुतेक कोरोमंडल किनाऱ्यावरची, तेलुगू मुलखातली. समुद्र ओलांडून आलेली, मुकादमाच्या कर्जात बांधलेली. मॅनेजर घरापासून लांब होता हे खरं, पण पगार, बंगला आणि परतीचं तिकीट असलेलं लांबपण आणि हे लांबपण एका तागडीत घालता येणार नाही. त्याच्या एकटेपणाविषयी लिहिताना माझा हात जरा आखडतो तो यामुळे.

तरी तो एकटा होताच. वर्षाला शंभर इंच पाऊस, कागदाला बुरशी, बुटात बुरशी, हिवताप, पटकी. पत्राला उत्तर येईपर्यंत प्रश्न शिळा. मुंबईचे डायरेक्टर भाव विचारणार, लंडनचे भागीदार माल विचारणार, आणि याच्याकडे सांगायला काय, तर यंदा नदीला पाणी कमी आहे.

आणि मोजणी. मला वाटतं त्याचा खरा धंदा मोजण्याचा होता, चिरण्याचा नंतर. ओंडक्याच्या टोकावर लोखंडी हातोड्याने मालकाचा छाप मारलेला असे. शेकडो मैल चिखलातून, खडकांवरून आपटत आलेल्या लाकडावरचा तो छाप म्हणजेच मालकी. मौलमीनजवळ कादोच्या नाक्यावर हे छाप वाचून ज्याचा माल त्याला मिळायचा आणि सरकारचा कर कापला जायचा. छाप घासून गेला, कुणी टोकच कापून नवा मारला, की भांडण. मग लाकूड किती? गोल ओंडका मोजायची इंग्रजी रीत अजून आपल्या वखारींत चालते. मधला घेर घ्यायचा, चाराने भागायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचा. शाळेतल्या सूत्राने जे घनफळ येईल त्याच्या साधारण ७८ टक्केच या रीतीने येतं. बाकीचं साल आणि चिराईतली घट म्हणून आधीच सोडून दिलेलं. ५० घनफुटांचा एक टन. ओंडका पोकळ निघाला तर वजावट. लहान भरला तर दर वेगळा. म्हणजे जंगलात मोजलेलं लाकूड, नाक्यावर मोजलेलं लाकूड आणि गिरणीत मोजलेलं लाकूड हे तीन वेगळे आकडे असणार, आणि तिन्ही आपापल्या जागी खरे.

याच आकड्यांवरून एक राज्य गेलं.

वरचा ब्रह्मदेश अजून स्वतंत्र होता, मंडालेत राजा थिबा. निंग्यानच्या बाजूची त्याची सागाची जंगलं बॉम्बे बर्माकडे भाडेपट्ट्याने होती, त्याचे वडील मिंडॉन यांच्या काळापासून. १८८५ मध्ये राजाच्या मंत्रिमंडळाने, ह्लुतडॉने, कंपनीवर ठपका ठेवला की तुम्ही नेलेले ओंडके जास्त आणि पैसे भरलेले कमी. जंगलातल्या कामगारांचे पैसेही थकवलेत. दंड ठोठावला सुमारे २३ लाख रुपये. कुणाचा हिशेब बरोबर होता यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. लवाद नेमा म्हणून इंग्रजांनी सांगितलं, दरबाराने नाकारलं. मागे फ्रेंचांच्या हालचाली होत्या, रंगूनच्या व्यापाऱ्यांना वरचा मुलूख हवाच होता, व्हाइसरॉय लॉर्ड डफरिनला कारण हवं होतं. मंडालेत इटलीचा जो वकील होता, आंद्रेइनो, तोच बॉम्बे बर्माचाही एजंट. एका माणसाच्या दोन टोप्या, आणि खबरा मात्र एकाच दिशेला जायच्या! १४ नोव्हेंबरला युद्ध सुरू झालं, २८ ला मंडाले पडलं, दुसऱ्या दिवशी राजा बोटीवर. १ जानेवारी १८८६ ला मुलूख इंग्रजी राज्याला जोडला. गंमत म्हणजे आधीचं, १८५२ चं युद्धही दंडावरूनच पेटलं होतं. रंगूनच्या सुभेदाराने दोन इंग्रज कप्तानांना दंड केला, भरपाईची मागणी होती दहा हजार रुपयांच्या आतली. त्यात खालचा ब्रह्मदेश गेला. पावती फाडण्यापूर्वी समोरच्याच्या आरमाराचा अंदाज घ्यावा, हे दोन्ही वेळा राहून गेलं.

या युद्धात चिंडविन नदीच्या काठी कंपनीचे काही गोरे नोकर मारले गेले. ज्यांच्या नावाने लढाई झाली त्यांच्यातलेच, जंगलात तराफे सांभाळणारे. मुंबईच्या ऑफिसात किंवा लंडनच्या पेढीत कुणाला ओरखडा आला नाही. हे वाचल्यावर मी बराच वेळ त्या माणसांचा राग करायचा की कीव, हे ठरवत बसले होते. ठरलं नाही.

रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेला आणि मंडालेचा राजा रत्नागिरीला, हा योगायोग आपल्याला शाळेपासून ऐकवतात. मधला लाकडाचा दुवा कुणी सांगत नाही. टिळकांची मंडालेतली कोठडीसुद्धा लाकडी फळ्यांची होती. आणि थिबाचा राजवाडा तर सगळाच सागाचा. वडील ज्या दालनात गेले ते त्याने राजवाड्यातून उतरवून बाहेर नेलं आणि विहार म्हणून पुन्हा उभं केलं, कारण तिथे वडिलांचा वावर आहे असं त्याला वाटायचं. १९४५ मध्ये लढाईत राजवाडा जळाला. बाहेर नेलेलं ते दालन मात्र वाचलं, आजही आहे. घर उतरवून दुसरीकडे उभं करण्याची ही सोय फक्त लाकडालाच. आमच्या मामाच्या घराचे बहालही कुठल्यातरी रिसॉर्टच्या ओसरीवर चढले असणार. व्यापाऱ्याने तसं सूचित केलं होतं, आणि मामाने दोन दिवस त्यावर तोंडसुख घेतलं होतं.

रत्नागिरीचा थिबा राजवाडा मी अनेकदा पाहिलाय. तांबड्या भिंती, उतरती छपरं, अर्धगोल लाकडी खिडक्या आणि खाली भाट्याची खाडी. तो बांधून झाला १९१० मध्ये, म्हणजे राजा आला त्यानंतर जवळजवळ पाव शतकाने. तोवर तो भाड्याच्या बंगल्यांत राहिला, माणकं विकून देणी भागवत. १९१६ मध्ये इथेच गेला. खिडकीच्या चौकटीवर मी नकळत टॉर्च तिरका धरून बघितला, पण तिथे रंधा आणि रंग इतक्या वेळा फिरलाय की कुठलीच रेघ उरलेली नाही. गाइड सांगत होता ते राणीचं, राजकन्यांचं, दुर्बिणीचं. लोक फोटो काढत होते. बॉम्बे बर्मा अजून आहे, असं मी शेजारच्या बाईंना म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं. पण आहे. ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर तिथलं जंगल हातातून गेलं, मग चहा-कॉफीचे मळे, मग मालकी वाडिया समूहाकडे. ज्या घराण्याने मलबारी सागाची जहाजं बांधली, त्याच नावाखाली ही कंपनी आली, आणि तिच्यामार्फत ब्रिटानियाची बिस्किटंही. राजवाड्याबाहेरच्या टपरीवर चहाबरोबर तीच मिळतात.

राजा गेला तेव्हा गिरणी थांबली नाही. थोडे महिने वरून माल कमी आला असेल, कारण वरच्या मुलखात चकमकी पुढे काही वर्षं चालूच होत्या आणि जंगलात जाणं धोक्याचं होतं. पण थिबाच्या राज्यात ज्या सागांना कडं कापलं होतं ते उभ्या उभ्या वाळतच होते. त्यांना सत्तांतर कळायचं कारण नव्हतं. ते तुटले १८८६ नंतर, ओढ्यात पडले, एखाद-दोन पावसाळे थांबले, आणि त्या मॅनेजरच्या किंवा त्याच्यानंतरच्या मॅनेजरच्या पात्याखाली आले १८८८-८९ च्या सुमाराला. त्यातले काही फळ्या-बहाल होऊन मुंबईत उतरले असतील, तिथून बोटीने खाली कोकणात. थिबा रत्नागिरीला पोचला होता एप्रिल १८८६ मध्येच. त्याची झाडं मागून आली, आणि त्यांच्यावरचा कर तोवर इंग्रज सरकारच्या खात्यात जमा व्हायला लागला होता.